गणवेश हवाच, पण उन्हाळ्यात कोट कशाला?

आम्ही कॉन्व्हेंटवाले! युनिफॉर्म हा शब्द ऐकला तरी गळ्याला टाय आवळल्यासारखं वाटतं. त्यामुळे वकिलांच्या काळ्या कोटावर मी तुटून पडणार, असा तुमचा अंदाज असेल. पण नाही! कोर्टात गणवेश हवाच, या मताची मी आहे.

मित्रांनो, वर्कशॉपमध्ये आपण एप्रन घालतो तो काही शोभेसाठी नाही. सैल बाही लेथमध्ये अडकली तर हातच जायचा! कोर्टातल्या गणवेशालाही असंच एक काम आहे. नामांकित वकील असो की कालच सनद मिळालेला ज्युनिअर, काळ्या-पांढऱ्यात दोघं सारखेच दिसतात. न्यायाधीशांचंही तेच. निकाल अमुक साहेब देत नाहीत, ती खुर्ची देते, हे त्यांचा गाऊन सांगतो.

आता प्रश्न कापडाचा. हा पोशाख आला थंड इंग्लंडहून. आपल्या नागपूर-चंद्रपूरला एप्रिलमध्येच पारा ४० च्या पुढे जातो. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनुसार खालच्या कोर्टांत उन्हाळ्यात कोटाची सक्ती नाही. ही सवलत सुप्रीम कोर्ट आणि हायकोर्टांना मात्र नाही. तिथे वर गाऊनही हवा! मोठे वकील एसी गाडीतून एसी कोर्टात जातात. ज्युनिअर बाइकवरून येतो, फायलींचे गठ्ठे घेऊन या मजल्यावरून त्या मजल्यावर पळतो. म्हणजे ज्या कोटाने दोघांना सारखं करायचं, त्याचा त्रास मात्र एकालाच!

बरं, कोटाशिवाय कोर्टाची शान जाते का? कोरोनाकाळात, मे २०२० मध्ये, व्हिडिओवरच्या सुनावण्यांसाठी सुप्रीम कोर्टाने कोट-गाऊन बाजूला ठेवले. पांढरा शर्ट किंवा पांढरी साडी, सलवार-कमीज आणि गळ्यात पांढरा बँड, एवढं पुरलं. निकाल काही हलके झाले नाहीत. खुद्द इंग्लंडमध्येही २००८ पासून न्यायाधीश दिवाणी खटल्यांत विग घालत नाहीत. आपणच का चिकटून बसायचं?

२०२२ मध्ये हा विषय सुप्रीम कोर्टापुढे गेला, तेव्हा अर्जदाराला बार कौन्सिलकडे जायला सांगितलं गेलं. कौन्सिलने एवढंच करावं : उन्हाळ्यात सगळ्याच कोर्टांत पांढरे कपडे आणि बँड हाच गणवेश. समता रंगात आहे, कापडाच्या जाडीत नाही!

पटलं नसेल तर कँटीनमध्ये भेटा. चहा मात्र तुमच्याकडून!