पेन्सिल, फॉईल आणि लोकरीचा मोजा

काय दोस्तांनो, मागच्या अंकातलं सुईचं होकायंत्र जमलं का? तुमच्या पत्रांवरून दिसतंय की निम्म्या जणांच्या सुया वाटीच्या तळाशी गेल्या! सुईला बोटानं किंचित खोबरेल तेल चोळा आणि मग ती पाण्यावर अलगद आडवी ठेवा. तरंगेल.

आज मात्र होकायंत्र बाजूला ठेवू. घरच्यांची परवानगी काढून त्यांचा मोबाईल पाच मिनिटं मागून घ्या. (पालकहो, पाच म्हणजे पाचच, घड्याळ लावा!) सोबत एक गाजर, स्टीलचा चमचा, प्लॅस्टिकचा चमचा, लाकडी पेन्सिल आणि ओलसर करून घट्ट पिळलेला स्पंजचा तुकडा घ्या. एकेक वस्तू हातात धरून पडद्याला हलकेच टेकवा. कोणती वस्तू चालेल? आधी वहीत अंदाज लिहा, मगच करून बघा. नाहीतर तुम्ही म्हणणार, "बाई, मला आधीच माहीत होतं!"

गाजराला मोबाईल ओळखतो. ओल्या स्पंजलाही ओळखतो. स्टीलच्या चमच्याची पाठ टेकवली तर बहुधा तीही चालते. प्लॅस्टिकचा चमचा आणि पेन्सिल मात्र कितीही दाबा, ढिम्म! दक्षिण कोरियात २०१० च्या कडाक्याच्या थंडीत लोक हातमोजे न काढता चक्क सॉसेजनं फोन चालवतात, अशा बातम्या आल्या होत्या. तेव्हा हसू नका, तुमचं गाजर त्याच जातीचं.

आता हे का, ते बघू. मोबाईलच्या काचेखाली एक पारदर्शक पातळ थर असतो. बहुतेक वेळा तो इंडियम टिन ऑक्साईड नावाच्या पदार्थाचा असतो. त्यातून वीज वाहते, पण तो डोळ्यांना दिसत नाही. त्याच्या उभ्या-आडव्या रेषांची जाळी केलेली असते आणि जाळीच्या प्रत्येक चौकात विजेचा अगदी थोडासा साठा असतो. आपल्या शरीरात खारं पाणी भरपूर, म्हणून तेही वीज वाहून नेतं. बोट काचेजवळ आलं की त्या जागचा साठा जरासा बदलतो. आतली चिप सेकंदाला कितीतरी वेळा सगळे चौक तपासत असते. कुठं बदल झाला ते तिला कळतं, आणि 'बोट इथं टेकलं' असं ती ठरवते. म्हणजे मोबाईल दाब मोजत नाही बरं का! इंग्लंडमधल्या माल्व्हर्न इथल्या रडार संशोधन संस्थेत ई. ए. जॉन्सन यांनी अशा पडद्याची कल्पना १९६५ मध्ये मांडली होती. जुन्या काही फोनांचे पडदे मात्र खरंच दाबावर चालायचे, तिथं काडीनं दाबलं तरी भागायचं.

हे सगळं मला पुस्तकातून माहीत होतं. पण माझ्या वर्गात त्याचा काही उपयोग आहे हे मला कळायला महिना लागला.

आमच्या शाळेला गावच्या माजी विद्यार्थ्यांनी दोन टॅब दिले. माझ्या तिसरीच्या वर्गात एक मुलगा आहे. त्याला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे जन्माच्या सुमारास मेंदूला झालेल्या इजेमुळे हातापायांचे स्नायू त्याच्या मनासारखे हलत नाहीत. त्याच्या मुठी मिटलेल्या असतात, एकच बोट सुटं करून पुढे काढता येत नाही. टॅबवर हात ठेवला की बोटाआधी मनगट टेकतं. मग कधी चित्र मोठं होतं, कधी पानच उलटतं, आणि बाकीची मुलं फिदीफिदी हसतात. मी काय केलं? शेजारच्या मुलाला म्हटलं, "तो उत्तर सांगेल, तू दाब." मला वाटलं, सुटला प्रश्न.

एक दिवस पाढ्यांचा खेळ चालला होता. याचे शब्द हळूहळू येतात. त्यानं "छप्पन्न" म्हणायला सुरुवात केली, आणि ते पूर्ण होण्याआधीच शेजाऱ्यानं चोपन्न दाबलं. टॅबवर लाल फुली आली. यानं मूठ बाकावर आपटली आणि म्हणाला, "बाई, मला दाबायचंय."

महिनाभर तो माझ्या वर्गात नुसता बघत बसला होता, आणि मी हजेरीत त्याला 'सहभागी' लिहीत होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही कामाला लागलो. बाजारात पडद्यासाठी पेनं मिळतात, त्यांना स्टायलस म्हणतात. साधं जाड रबरी टोकाचं स्वस्त असतं. बारीक टोकाच्या महागड्या पेनात स्वतःचं इलेक्ट्रॉनिक्स असतं आणि ती ठरावीक टॅबवरच चालतात. पण आमच्या तालुक्याच्या दुकानात दोन्ही नव्हती. म्हटलं, घरीच करू.

पहिला प्रयत्न असा : पेन्सिलीच्या टोकाला पोळ्या गुंडाळायची फॉईल गुंडाळली. टॅब ढिम्म! सगळे माझ्याकडे बघायला लागले. एका मुलीनं सहज त्या फॉईललाच बोट लावलं, आणि टॅब चालला. सांगा पाहू, का? बरोब्बर! मघाशी आपण बघितलं की खरं काम शरीर करतं. स्टायलस हा फक्त पूल आहे. पुलाचं एक टोक काचेवर आणि दुसरं हाताच्या त्वचेवर नसेल, तर मधली लाकडी पेन्सिल काय कामाची? मग आम्ही फॉईल वरपासून खालपर्यंत गुंडाळली.

तरीही कधी चाले, कधी नाही. कारण टोक फार बारीक होतं. बारीक टोकानं होणारा बदल इतका लहान असतो की चिप तो सोडून देते. म्हणून भांडी घासायच्या नव्या स्पंजचा मऊ भाग मोठ्या वाटाण्याएवढा कापला, ओला करून घट्ट पिळला, पेन्सिलीच्या बोथट टोकावर बसवला आणि फॉईलच्या कडेसकट दोऱ्यानं बांधला. स्पंज फॉईलला चिकटून असायलाच हवा. तो ओलसरच हवा, पाणी गळणारा नको, कारण काचेवर पाण्याचे थेंब पडले की टॅब त्यांनाच बोट समजायला लागतो. आणि टॅब चार्जिंगला लावलेला असताना ओला स्पंज त्याच्याजवळ न्यायचा नाही, हे फळ्यावर लिहून ठेवा!

पेन तर झालं, पण पेन्सिल त्याच्या मुठीत राहीना. मग मऊ स्पंजचा चेंडू आरपार टोचून त्यातून पेन्सिल घातली. पकड छान बसली आणि पेन पुन्हा बंद! कोरडा चेंडू वीज जाऊ देत नाही, पूल मध्येच तुटला. तेव्हा फॉईलच्या चार घड्यांची पट्टी करून ती पेन्सिलीच्या फॉईलपासून चेंडूवरून तळहातापर्यंत आणली. पहिला चेंडू त्यानं परत केला, "टोचतं" म्हणून. मी म्हणत होते, "अरे, चांगला तर आहे!" पण हात त्याचा, मग कोणता चेंडू चालेल ते मी कोण ठरवणार? दुसरा त्याला आवडला. वरून एक रुंद नाडी सैलसर बांधली. (पालकहो, अशा मुलाच्या हाताला काहीही बांधण्याआधी त्याच्या ऑक्युपेशनल थेरपिस्टना विचारा. घट्ट पट्ट्यानं इजा होऊ शकते.)

राहिलं मनगट. ते अजूनही आधी टेकायचं. इथं मात्र हातमोज्यांची ती भानगड उलटी वापरली. जाड कोरड्या लोकरीतून पडद्याला बोट कळत नाही ना? मग मनगट कळायला नकोच आहे! लोकरीच्या जुन्या मोज्याचा पुढचा भाग कापला, अंगठ्यासाठी भोक पाडलं, तळहाताकडे फॉईलसाठी एक खिडकी ठेवली आणि तो त्याच्या हातात चढवला. आता मनगट टेकलं तरी टॅब गप्प, फक्त स्पंजचं टोक बोलतं.

तेवढ्यावरही काम भागलं नाही. थरथरत्या हातानं एकाच जागी दोनदा टोक टेकायचं. त्यासाठी सेटिंग्जमध्ये 'ॲक्सेसिबिलिटी' असा भाग असतो. अँड्रॉइडवर 'टच अँड होल्ड डिले' वाढवला, तर हात जरा रेंगाळला म्हणून टॅब लगेच 'दाबून धरलं' असं समजत नाही. आयफोन-आयपॅडवर 'टच अकॉमोडेशन्स' आहे, त्यात लागोपाठचा दुसरा स्पर्श सोडून द्यायला सांगता येतं. ते मोठ्या माणसांकडून करून घ्या.

हे पेन फक्त त्याच्यासाठी नाही. संधिवातानं बोटं दुखणाऱ्या आजीला जाड मुठीची पेन्सिल सोपी जाते. कृत्रिम हाताच्या प्लॅस्टिकला पडदा ओळखत नाही, तिथं फॉईलची पट्टी वर दंडाच्या त्वचेपर्यंत न्यावी लागते. ज्यांचे हात हलतच नाहीत ते तोंडात धरायची काडी किंवा कपाळाच्या पट्ट्यावरची काडी वापरतात. पण त्या नीट तयार केलेल्या असतात. आपली फॉईलची पेन्सिल तोंडात घालायची नाही हं! आणि तुमच्यापैकी किती जणांचे आजोबा म्हणतात, "हा फोन माझं ऐकतच नाही"? जन्मभर शेतात राबून बोटांची कातडी जाड आणि कोरडी झालेली असते, तिच्यातून पडद्यापर्यंत पुरेसं काही पोचत नाही. फोन बिघडलेला नसतो आणि आजोबांचंही काही चुकत नाही. त्यांच्यासाठी बिनचेंडूचं साधं पेन करा. आमच्या वर्गातल्या एकीनं केलं, तर आजोबा ते कानावर अडकवून गावभर फिरून आले!

आमच्या वर्गात आता फॉईल दर सोमवारी बदलायची असते, कारण घामानं ती फाटते. स्पंज ओला करायचं काम आळीपाळीनं होतं. पाढ्यांच्या खेळात त्याला अजून वेळ लागतो, म्हणून आम्ही खेळातलं घड्याळ बंद ठेवतो. पहिल्या दिवशी त्यानं दाबलेलं पहिलंच उत्तर चुकलं, लाल फुली आली. तो तिच्याकडे बघून इतका हसला की बाक हलला. मग पुन्हा टोक टेकवलं.

परवा बाकीच्यांनी तक्रार केली, "बाई, तो पेन कुणाला देतच नाही!" मी त्याला विचारलं. तो म्हणाला, "दोन मिनिटं देईन. मोजा पण घालावा लागेल."

तुम्ही कशाकशाची टोकं करून पाहिली आणि कोणतं जास्त वेळ टिकलं, ते मला जरूर लिहून कळवा.