पोलिसांचे संशोधन कोणासाठी?

नोकरीतील माणसाने आपल्याच व्यवसायातला प्रश्न घेऊन डॉक्टरेट करावी, ही कल्पना आता नवी राहिलेली नाही. ब्रिटनमध्ये पोलीस व फौजदारी न्याय या क्षेत्रांतील नोकरदारांसाठी अशी व्यावसायिक पदवी स्वतंत्रपणे दिली जाते. भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या नियमांनी नोकरदारांना अर्धवेळ पीएच.डी.चा मार्ग दिला असून, 1970 साली स्थापन झालेली केंद्राची पोलीस संशोधन व विकास संस्था गुन्हेशास्त्र आणि पोलीसशास्त्रातील डॉक्टरेटसाठी शिष्यवृत्तीची योजना चालवीत आली आहे. खाकी वर्दीतील माणूस अभ्यासाला बसतो, याचे स्वागतच केले पाहिजे. परंतु समाजवादी कार्यकर्त्याने स्वागतापाशी थांबून चालत नाही. हे ज्ञान कोण निर्माण करणार, कोणाविषयी करणार आणि अखेर ते कोणाच्या हाती शस्त्र म्हणून पडणार, हे त्याने विचारलेच पाहिजे.

कारण पोलिसांनी केलेले संशोधन ही या देशात आजची गोष्ट नव्हे. 1908 साली मुंबई इलाख्याच्या पोलीस दलातील वरिष्ठ अधिकारी मायकेल केनेडी यांनी इलाख्यातील तथाकथित गुन्हेगार वर्गांवर एक ग्रंथ सिद्ध केला. जमातवार प्रकरणे पाडून त्यात पेहराव, बोली, भटकण्याचे मार्ग आणि चोरीच्या रीती नोंदविल्या आहेत. आजच्या व्याख्येने हे अस्सल व्यावसायिक संशोधन ठरेल! ठाण्यातील अनुभव, नोंदी, वर्गीकरण, ठाण्यात वापरण्याजोगा निष्कर्ष, सारे काही त्यात होते. फक्त गुन्ह्याचे कारण जन्मात आहे हे आधीच गृहीत धरलेले होते. या माणसांची जंगले कोणी बंद केली, त्यांचा व्यापार आणि रानातली उपजीविका कोणी हिरावली, हा प्रश्न संशोधकाच्या कक्षेत येतच नव्हता, कारण त्याचे उत्तर त्याच्या धन्यापर्यंत जाऊन पोहोचले असते. 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा 1911 साली विस्तारला तेव्हा असल्या ज्ञानाला काटेरी तारेचे कुंपण लाभले. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये कोंडलेल्या कुटुंबांतून तिथल्या कापडगिरण्यांना मजूर मिळत राहिले. भांडवलाची ही सोय हा त्या व्यवस्थेचा योगायोगाने झालेला परिणाम होता, असे मानणे भोळेपणाचे ठरेल.

केनेडींच्या ग्रंथानंतर अवघ्या दहा वर्षांनी, 1918 साली, कागलच्या घाटगे घराण्यात जन्मलेल्या राजर्षी शाहूंनी कोल्हापूर संस्थानात हजेरीची सक्ती रद्द केली. जातीमुळे संशयित ठरलेल्या माणसाने रोज चावडीवर जाऊन आपण गावातच आहोत हे सिद्ध करायचे, ही ती पद्धत. महाराज हुकूम काढून थांबले नाहीत. फासेपारध्यांना त्यांनी वसविले, संस्थानात कामे दिली, पहाऱ्यावरही ठेवले. ज्यांच्यापासून तिजोरी राखायची असे सरकारी ग्रंथ सांगत होते, त्यांच्याच हाती पहारा दिला. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर गुन्ह्याचा विचार त्यांनी रोजगाराच्या बाजूने केला.

हजेरी उठल्यावर संस्थानातील चोऱ्या-दरोडे वाढले की घटले, कामाला लागलेल्या कुटुंबांच्या पुढच्या पिढीचे काय झाले, हा एखाद्या पोलीस अधिकाऱ्याच्या प्रबंधाचा विषय का होऊ नये? संस्थानचे दप्तर कोल्हापुरातच आहे. आणि विषय शिळा मुळीच नाही. गुन्हेगार जमाती कायदा 1952 साली गेला, तरी मुंबई राज्यात 1959 साली सराईत गुन्हेगारांचा कायदा आला, आणि संशयाची वही मिटली नाही. 2024 च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाला पोलिसांच्या हिस्टरी शीटमध्ये मागास जमातींतील निरपराधांची नावे केवळ पूर्वग्रहाने चढतात, याची दखल घ्यावी लागली. त्याच वर्षी 3 ऑक्टोबरला सुकन्या शांता प्रकरणात तुरुंगातील जातवार कामवाटप घटनाबाह्य ठरवताना न्यायालयाने विमुक्त जमातींच्या मनमानी अटकेविरुद्धही पोलिसांना बजावले. राज्यघटना लागू होऊन त्या वेळी चौऱ्याहत्तर वर्षे लोटली होती.

कागल तालुक्याला राजकारणाचे विद्यापीठ म्हणण्याची रीत आहे. खऱ्या विद्यापीठाला पुरतील इतके विषय तिथल्या ठाण्याच्या हद्दीतही सापडतील. पुणे-बंगळूर महामार्ग, कर्नाटकाची सीमा, पंचतारांकित औद्योगिक वसाहतीतील परप्रांतीय कामगार, गळीत हंगामात येणाऱ्या ऊसतोडणीच्या टोळ्या. मुकादमाने उचल दिलेला मजूर पळाला म्हणून तक्रार येते, आणि मजुराला डांबून ठेवले म्हणूनही येते. यांपैकी कोणत्या तक्रारीचा गुन्हा तत्परतेने नोंदला जातो? हे मोजणारा प्रबंध साऱ्या साखरपट्ट्याच्या उपयोगी पडेल. तो लिहायला मात्र ठाणे अंमलदाराच्या टेबलाजवळ बसलेला माणूस हवा.

इथेच वर्गाचा प्रश्न उभा राहतो. 2022 च्या नियमांनुसार अर्धवेळ संशोधकाला मालकाचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते, आणि अभ्यासाला पुरेसा वेळ मिळेल असे त्यात नमूद व्हावे लागते. हैदराबादच्या प्रशासकीय महाविद्यालयाने पोलीस संशोधन संस्थेसाठी केलेल्या 2014 च्या पाहणीत ठाण्यातील सुमारे 90 टक्के पोलीस रोज आठ तासांहून अधिक राबत असल्याचे आढळले. अशा हवालदाराला पुरेसा वेळ आहे, असे कोणता वरिष्ठ लिहून देणार? परिणामी डॉक्टरेट साहेबांची होते आणि शिपाई त्यांच्या प्रश्नावली वाटत फिरतो.

वास्तविक शिपायाची संशोधनबुद्धी कमी नाही. मुंबईत देवनार ठाण्यातील एका शिपायाने आठ तासांच्या पाळ्यांचे वेळापत्रक स्वतः आखून आयुक्तांपुढे ठेवले, आणि दत्ता पडसलगीकर यांनी मे 2016 मध्ये देवनारलाच त्याचा प्रयोग सुरू केला. त्या शिपायाचे काम कोणत्याही प्रबंधापेक्षा हलके नव्हते. त्याला पदवी नव्हती, एवढेच.

तेव्हा पक्षकार्यकर्त्यांनी शिवाजी विद्यापीठापुढे आणि गृहखात्यापुढे काही मागण्या नेमकेपणाने मांडाव्यात. शिपाई व हवालदारांसाठी पगारी अभ्यासरजा असावी. पोलिसांविषयीच्या प्रबंधांवर सल्ला देणाऱ्या समितीत भटक्या-विमुक्तांच्या संघटनांचे आणि कामगार संघटनांचे प्रतिनिधी असावेत. ज्याला त्रास झाला त्याची साक्ष न घेता कोठडीवरचा प्रबंध स्वीकारू नये. 2020 च्या परमवीर सिंग निकालाने ठाण्यांत सक्तीचे केलेले कॅमेऱ्यांचे चित्रण, संबंधितांची ओळख झाकून, अशा अभ्यासाला उपलब्ध व्हावे. आणि इंग्रजीत लिहिलेल्या प्रत्येक प्रबंधाचा मराठी गोषवारा, ज्या ठाण्याचा अभ्यास झाला त्या ठाण्याच्या दर्शनी फलकावर आणि हद्दीतील ग्रामपंचायतींत लावला जावा.