एकाच बाकावर
भातसा नदीकाठच्या खडवलीत कोणी आजारी पडले, तर एकटा डॉक्टर पुरत नाही. परिचारिका इंजेक्शन देते, औषधनिर्माता औषधे देतो, आशाताई घरी येऊन चौकशी करते. १९९८ साली महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशिकला स्थापन झाले. वैद्यक, युनानी, आयुर्वेद, परिचर्या हे अभ्यासक्रम एका छत्राखाली आले. वर्ग मात्र वेगळेच राहिले. काही विद्यार्थ्यांना वाटते, आपला अभ्यास मोठा, इतरांचा लहान. हा गर्व रुग्णाच्या जिवावर बेतू शकतो. औषधाच्या मात्रेतील चूक दिसूनही परिचारिका बोलायला कचरते. प्रत्येकाचे काम वेगळे, हे खरे. तरीही काही विषय सर्वांना एकत्र शिकवावेत. मुलांनो, जे एका बाकावर शिकतील, तेच रुग्णाच्या खाटेजवळ एकमेकांचे ऐकतील.