पंचनाम्याआधी वितळणारा पुरावा

देऊळगाव राजा तालुक्यात तलाठी असताना मी गारपिटीनंतर शेडनेटचे पंचनामे केले. पोहोचेपर्यंत गारा विरघळलेल्या असत. फाटलेली जाळी, आडवी झालेली मिरचीची रोपं आणि चिखल, एवढंच दिसायचं. तरी काम अडत नसे. सारं गाव साक्षीला असायचं आणि गारपीट आपत्तीच्या यादीत आहे. पण निरभ्र आकाशातून एकाच घरावर बर्फाचा गोळा पडला, तर तलाठ्याने कशाखाली नोंद करायची?

डिसेंबर 2015 मध्ये मध्य प्रदेशातल्या सागर जिल्ह्यात एका साठीच्या बाईच्या खांद्यावर असा गोळा आदळला. ती जबर जखमी झाली. जानेवारी 2018 मध्ये गुरुग्रामजवळच्या फाजिलपूर बादलीत शेतात मोठा बर्फ पडला. काही अद्भुत समजून लोकांनी तुकडे घरी नेऊन फ्रीजमध्ये ठेवले! ती विमानातल्या शौचालयाची घाण असावी, असा संशय नंतर पुढे आला.

विमानातली घाण टाकीत साठते, उडताना ती सोडता येत नाही. पण टाकीची झडप नीट बसत नसेल तर पाणी बाहेर झिरपतं, वरच्या उणे 50 अंशांच्या थंडीत विमानाला चिकटून गोठतं आणि विमान उतरू लागलं की सुटून पडतं. याला मी देखभालीतली हयगयच म्हणेन. राष्ट्रीय हरित लवादाने 2016 मध्ये अशी घाण सांडणाऱ्या विमान कंपन्यांना 50 हजार रुपये दंड ठरवला, तोही पर्यावरण भरपाई म्हणून. जखमी माणसाच्या दवाखान्याचं काय?

आपल्याकडे विमानतळ नाही, मग कशाला काळजी, असं कुणी म्हणेल. सागरलाही प्रवासी विमानसेवा नव्हती. आणि पडलेली वस्तू टिकली, तरच तपास होतो. 2 एप्रिल 2022 रोजी चंद्रपूरच्या सिंदेवाही तालुक्यात, लाडबोरीला, रॉकेटचं धातूचं कडं पडलं. ते टिकलं, म्हणून पोलीस ठाण्यात ठेवता आलं आणि इस्रोचे शास्त्रज्ञ पाहून गेले. बर्फ मात्र वितळून मातीत जिरतो.

म्हणून जिल्हाधिकाऱ्यांनी तलाठी आणि पोलीस पाटलांसाठी एक लेखी सूचना काढावी. गावकऱ्यांनो, असं काही पडलं तर उघड्या हाताने शिवू नका, लेकरांना लांब ठेवा. घड्याळ पाहून वेळ लिहा. त्यामुळे वरून गेलेलं विमान शोधता येतं. शेजारी चप्पल ठेवून फोटो काढा. हाताला पिशवी गुंडाळून एक तुकडा बंद डब्यात भरा, तो खाण्याच्या जिनसांपासून दूर गोठवून ठेवा आणि लगेच तहसीलला कळवा.