यंत्र निघालें, पण गिऱ्हाईक कोठें होतें?

विलायतेंतील यंत्रयुगाच्या हकीकती वाचतांना कारखानदाराच्या कर्तृत्वाकडे लक्ष सहज जातें. परंतु कोणतें यंत्र टिकलें व कोणतें मागें पडलें, हा विचार शेतकऱ्यानें अधिक केला पाहिजे, असें आम्हांस वाटतें.

बेडफर्डशायरमधील बिगल्सवेड हा गांव भाजीपाल्याच्या मळ्यांबद्दल प्रसिद्ध. तेथील डॅन आल्बोन या सायकली बनविणाऱ्या कारागिरानें १९०२ सालीं ‘आयव्हेल’ नांवाचें शेतकीचें मोटारयंत्र काढलें. तीन चाकें, पेट्रोलचें एंजिन, आणि वाफेच्या धुडांहून वजनानें पुष्कळच हलकें. तें नांगर ओढी, कापणीचें यंत्रही ओढी. १९०६ सालीं आल्बोन वारला व धंद्याचा जोम ओसरला. सुमारें ५०० यंत्रांपलीकडे मजल गेली नाहीं.

ग्रँथॅमच्या हॉर्न्सबी कारखान्यांतही तेंच झालें. तेथील मुख्य एंजिनियर डेव्हिड रॉबर्ट्स यानें, मऊ जमिनींत यंत्र रुतूं नये म्हणून, चाकांभोंवतीं साखळीपट्टा फिरविण्याची युक्ति काढली. लष्करी खात्यानें ती पाहिली. पण मोठी मागणी आली नाहीं. १९१४ सालीं तिचे हक्क अमेरिकेंतील होल्ट कंपनीस विकले गेले. पुढें १९१७ सालीं, जर्मन पाणबुड्यांमुळें अन्नाची टंचाई भासूं लागली, तेव्हां इंग्लंडला ट्रॅक्टर अमेरिकेहून मागवावे लागले!

इंग्रज शेतकरी जुन्यास चिकटून बसला, असा दोष कित्येक देतात. आम्हांस तो अर्धाच खरा वाटतो. परदेशी धान्यानें भाव उतरलेले, घोडे घरचे. अशा स्थितींत एकट्यानें नव्या यंत्राचा धोका कां पतकरावा? याच हॉर्न्सबीचें तेलाचें एंजिन मात्र १८९२ पासून चांगलें खपलें. त्यास बॉयलर नको, ठिणगीची खटपट नको, आणि तेल स्वस्त. हिशेब जुळला, म्हणून तें चाललें.

तात्पर्य, यंत्राचें भवितव्य शोधकाच्या बुद्धीइतकेंच वापरणाराच्या हिशेबावर ठरतें. हा हिशेब एकट्यादुकट्यानें करूं नये. नवें अवजार आलें कीं संघानें तें एक हंगाम सभासदांच्या शेतांत चालवावें. तेल, मजुरी, मोडतोड व झालेलें काम यांची रोजची नोंद ठेवावी. आणि दोष आढळल्यास बनविणारास लेखी कळवावे. अशानें वाईट यंत्र आपल्या गळ्यांत पडणार नाहीं, व चांगलें यंत्र गिऱ्हाइकावांचून मरणार नाहीं.