स्मशानभूमी हीही शहराची हिरवी जमीन

मुंबईत उद्याने आणि मैदाने मिळून माणशी जेमतेम सव्वा चौरस मीटर मोकळी जागा वाट्याला येते. केंद्र सरकारच्या २०१४च्या नगरनियोजन मार्गदर्शिकेत हीच अपेक्षा दहा ते बारा चौरस मीटर आहे. नवी मैदाने काढून ही तूट भरून येईल, असे आता कोणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही, कारण जमीनच उरलेली नाही. मात्र जी उरली आहे, तिच्यातला एक मोठा हिस्सा आपल्या हिशेबातच येत नाही. हिंदूंची स्मशाने, कबरस्ताने, ख्रिस्ती दफनभूमी, लिंगायतांच्या रुद्रभूमी, पारशांची डुंगरवाडी या जागांकडे शहर पाठ फिरवून उभे आहे. तिकडे जायचे ते खांदा द्यायला, आणि परतल्यावर आंघोळ करायची. या जमिनींचा हिरव्या शहरासाठी विचार करण्याची वेळ आली आहे आणि तो विचार अत्यंत जबाबदारीने झाला पाहिजे.

शिवडीचे उदाहरण घ्यावे. मुंबईचे पहिले पालिका आयुक्त आर्थर क्रॉफर्ड यांच्या काळात, १८६५ मध्ये तिथली ख्रिस्ती दफनभूमी सुरू झाली. त्याआधी त्या जागेवर कृषी-उद्यान संस्थेची बाग होती. व्हिक्टोरिया टर्मिनसचे वास्तुरचनाकार एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स, टिळकांचे सहकारी जोसेफ ऊर्फ काका बाप्टिस्टा आणि कवी डॉम मोराइस याच मातीत विसावले आहेत. भोवताली परळ, लालबाग, शिवडीचा गिरणगाव. बंद गिरण्यांच्या जमिनीतला तिसरा हिस्सा मोकळ्या जागांसाठी मिळेल, अशी आशा १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीने दाखवली होती. २००१च्या दुरुस्तीने तो हिस्सा आक्रसला आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरवली. चाळींतल्या मुलांना मैदान मिळायचे ते राहून गेले, मनोरे तेवढे उभे राहिले. त्या परिसरात आज सलग माती आणि जुनी झाडे कुठे शोधायची म्हटले, तर दफनभूमीचे नाव घ्यावे लागते.

मातीचे मोल मुंबईकराने जाणले पाहिजे. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. इतका पाऊस कोणतीच जमीन जिरवू शकत नाही, हे खरे. पण दरवर्षीच्या जोराच्या सरींनाही आज जिरायला जागा राहिलेली नाही. आणि नेमक्या याच वेळी स्मशानांचे ‘सुशोभीकरण’ धडाक्यात चालले आहे. उघड्या जमिनीवर पेव्हर ब्लॉक, झाडाच्या बुंध्याला गळफासासारखा काँक्रीटचा कट्टा, प्रवेशद्वारावर कमान आणि कमानीवर नेत्यांची छायाचित्रे. निधी खर्ची पडतो आणि जमीन मरते. हे काम ताबडतोब थांबले पाहिजे.

हा प्रश्न ज्या शहरांना तीव्रतेने भिडला, त्यांतले एक लंडन. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात तिथली चर्चभोवतीची आवारे प्रेतांनी इतकी भरली, की १८५२च्या कायद्याने ती बंद करणे भाग पडले. बंद जागांवर साहजिकच बांधकामवाल्यांचा डोळा गेला. १८८२ मध्ये सार्वजनिक उद्यानांसाठी झटणारी एक संस्था तिथे स्थापन झाली आणि दोनच वर्षांनी, १८८४ मध्ये, बंद पडलेल्या दफनभूमीवर इमारत बांधण्यास मनाई करणारा कायदा झाला. चर्चच्याच विस्ताराचा अपवाद त्यात होता. पुढे अनेक आवारांत बाके आली, फुलझाडे आली, थडग्यांचे दगड भिंतीशी लावून ठेवले गेले. ‘रॉबिन्सन क्रूसो’चा लेखक डॅनियल डिफो आणि कवी विल्यम ब्लेक जिथे विसावले आहेत, त्या बनहिल फील्ड्समध्ये आज आसपासच्या कचेऱ्यांतली माणसे दुपारचा डबा खातात. यातला क्रम महत्त्वाचा आहे. बंद आवारे सरसकट बागा झाली, ती त्यांवर कोणाला इमला चढवता येणार नाही हे कायद्याने पक्के झाल्यावर.

महाराष्ट्राला पहिली गरज आहे ती अशाच कायद्याची. स्मशान वा दफनभूमी कोणाच्याही मालकीची असो, पालिकेची, न्यासाची, वक्फची किंवा चर्चची. ती वापरात असो वा नसो. तिच्यावर अंत्यविधीखेरीज दुसरे बांधकाम होणार नाही आणि तिचे चटईक्षेत्र दुसरीकडे वळवता येणार नाही, एवढे दोन कलमांत लिहिता येईल. ही तरतूद नसताना ‘हिरवाई’ची भाषा सुरू झाली, तर ज्यांची माणसे तिथे पुरलेली आहेत, ते ती संशयाने ऐकतील. तो संशय आम्हाला रास्त वाटतो. गोवंडी परिसरातल्या दफनभूमीचा प्रश्न २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात गेला आणि न्यायालयाला पालिकेची कानउघाडणी करावी लागली. उपनगरांत मयत झाली की कबरीला जागा मिळेल का, ही चिंता घरच्यांना दुःखाआधी ग्रासते. ख्रिस्ती समाजाने आपल्यापुरता मार्ग काढला: काही वर्षांनी अस्थी काढून त्या भिंतीतल्या कोनाड्यात ठेवायच्या आणि तीच कबर पुन्हा वापरायची. वसईतल्या काही चर्चनी शवपेटीऐवजी साध्या कापडात दफनाची वाट धरली. देहाची लवकर माती व्हावी, हा त्यामागचा विचार. ज्या समाजांनी इतके समजून घेतले, त्यांच्या जागेवर बागेचा फलक लावण्याआधी त्यांना पुरेशी दफनभूमी देणे हे शासनाचे कर्तव्य आहे. आधी मयताची जागा, मग बाकाची.

प्रत्येक फाटक उघडलेच पाहिजे, असेही नाही. मलबार हिलवरची डुंगरवाडी पन्नासहून अधिक एकरांची आहे आणि तिथे बाहेरच्यांना मुक्त प्रवेश नाही. पारशी रीतीने देह ज्यांच्या स्वाधीन केला जाई, ती गिधाडे जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅकमुळे देशभर संपत आली. २००६ मध्ये त्या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली, पण डुंगरवाडीची गिधाडे काही परतली नाहीत. तिथले रान मात्र टिकले आहे. ते बंद दाराआडूनही शहराला गारवा देते, पाखरांना आसरा देते. त्या समाजाची तशी इच्छा असेपर्यंत ते दार बंदच राहावे.

हिंदू स्मशानांची गोष्ट वेगळी आहे. त्यांतली बरीचशी पालिकांच्याच ताब्यात आहेत, तेव्हा सुरुवात तिथून करता येईल. एका चितेला सुमारे तीनशे किलो लाकूड जळते. गॅस वा विद्युतदाहिनीला चौथरेही कमी लागतात आणि लाकडाची वखारही लागत नाही. ती सुटलेली जागा झाडांना द्यावी. ज्यांना चिताच हवी, त्यांच्यासाठी नागपुरात शेतातल्या काडीकचऱ्याचे ठोकळे आणि कोल्हापुरात शेणी वापरात आहेत. झाडे लावताना वड, पिंपळ, करंज, बहावा, खुरचाफा ही आपल्या मातीतली किंवा मातीने आपलीशी केलेली झाडे लावावीत. कुंडीतल्या शोभेच्या रोपांनी सावली पडत नाही. कबर खोदणारे आणि चिता रचणारे कामगार कोविडच्या काळात आपल्या जिवावर उदार होऊन राबले. झाडांची निगा त्यांच्याकडे सोपवायची, तर त्यासाठी वेगळा पगार आणि कायम नोकरीही द्यावी.

लोक जातील का स्मशानातल्या बागेत? भीती आणि विटाळाची कल्पना खोल रुजलेली आहे आणि तिच्या पोटात जातही आहे. अनेक गावांत दलितांना स्वतंत्र स्मशानभूमी नाही, पावसाळ्यात प्रेत कमरेएवढ्या पाण्यातून न्यावे लागते. स्मशानात बाईने जाऊ नये, हा दंडक तर सावित्रीबाई फुले यांनी १८९० मध्येच मोडला. जोतीरावांच्या अंत्ययात्रेत टिटवे धरून त्या पुढे चालल्या. आणि मृतांच्या सान्निध्यात जमणे या मातीला परके कधीच नव्हते. आळंदीला ज्ञानदेवांच्या समाधीशेजारी अजानवृक्ष आहे, त्याच्या सावलीत वारकरी बसतात. पुण्यात वानवडीला महादजी शिंदे यांची छत्री आहे. दादरच्या ज्या चौपाटीवर ७ डिसेंबर १९५६ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पार्थिवाला अग्नी दिला गेला, ती चैत्यभूमी दर ६ डिसेंबरला लाखो माणसांची होते. दिल्लीच्या लोदी गार्डनमध्ये सय्यद आणि लोदी सुलतानांच्या मकबऱ्यांभोवती सकाळी माणसे चालायला येतात, मुले खेळतात. १९३६ मध्ये ती बाग आखताना तिथले खैरपूर गाव उठवले गेले, हेही विसरू नये. मुंबईत आज कबरस्ताने आणि स्मशानांच्या भिंतीला टेकून कितीतरी वस्त्या आहेत. बाग करायची म्हणून त्यांच्यावर बुलडोझर गेला, तर त्या बागेला आमचा विरोध असेल.

मुंबईला एका जमिनीकडून दोन कामे करून घेण्याची जुनी सवय आहे. मलबार हिलचे हँगिंग गार्डन १८८१ मध्ये जलाशयाच्या माथ्यावर तयार झाले. माझगावच्या टेकडीवर ज्या बागेला बाप्टिस्टांचे नाव आहे, तिच्याखालीही पाण्याचा साठा आहे. स्मशानांची जमीनही असे दुहेरी काम करू शकते.

कायदा होईल तेव्हा होईल. शहरातल्या स्मशान-दफनभूमींच्या यादीला मात्र त्याची वाट पाहण्याचे कारण नाही. १८९६ मध्ये इझाबेला होम्स यांनी लंडनच्या दफनभूमींवर पुस्तक प्रसिद्ध केले. त्यासाठी त्यांनी जुने नकाशे ताडून पाहिले आणि गल्लीबोळांत स्वतः फिरून विस्मृतीत गेलेली आवारे शोधली. मुंबई महापालिकेजवळ आरोग्य खाते आहे, उद्यान खाते आहे, प्रत्येक विभागात कार्यालय आहे. या दोन्ही खात्यांनी मिळून प्रत्येक विभागातल्या स्मशान-दफनभूमींची पाहणी करावी: मालक कोण, क्षेत्र किती, झाडे किती, किती जमीन पेव्हरखाली गेली, दफनाला किती जागा शिल्लक आहे आणि तिथल्या समाजाचे म्हणणे काय. ती यादी मराठीत, नकाशांसह, येत्या पावसाळ्याआधी लोकांसमोर ठेवावी आणि यादी येईपर्यंत या जागांवरच्या सुशोभीकरणाचे एकही नवे कंत्राट काढू नये.