फोडी कुणाच्या ताटात?

कोल्हापूर म्हटलं की तांबडा-पांढरा रस्सा. पण आपल्या वस्तीतल्या घरांत आम्ही काय पाहतो? मटणाच्या फोडी पुरुषांच्या आणि मुलांच्या ताटात, आणि शेवटी जेवणाऱ्या बाईच्या वाटीला नुसता रस्सा. लोह मात्र बहुतेक फोडीतच राहतं. दर महिन्याला पाळीत रक्त जातं तिचं, आणि लोह मिळतं दुसऱ्यांना!

तिला "गूळ खा, रक्त वाढेल" एवढंच सांगून भागत नाही. मांसातलं लोह शरीराला अधिक सहज लागू पडतं. बकऱ्याचं मटण रोज कुठून परवडणार? मार्च २०१५ पासून राज्यात बैलांच्या कत्तलीवरही बंदी आली. म्हशीच्या मांसावर ती नाही. ते खाण्यात लाज कसली?

कामावरून दमून आल्यावरही जमेल असं सांगतो. पाव किलो कलेजीच्या पातळ फोडी करा. तव्यात थोडं तेल, आलं-लसूण, चमचाभर कांदा-लसूण चटणी घालून परता. आतून कच्ची ठेवू नका. ढबू मिरची, गाजर घाला. शेवटी लिंबाच्या रसात चमचाभर गूळ विरघळवून ओता. फोडींना छान चकाकी येते. लिंबामुळे भाकरी-भाजीतलं लोहही अंगी लागतं. चहा मात्र तासाभराने घ्या. गरोदर बायांनी कलेजी टाळून साधं मटण खावं.

बाबासाहेबांची समता आपण विहारात रोज बोलतो. आज रात्री ती चुलीपाशी आणू या. पहिलं ताट तिचं वाढा, फोडींसकट.